अकरा इंचांचा हिशेब

व्यापारी कुटुंबात माप ही गंभीर बाब असते. वजनकाट्यावर दर वर्षी वैधमापन खात्याचा शिक्का घेतला जातो. पोत्यातला मूठभर माल तळहातावर घेऊन पाहिल्याखेरीज सौदा पुरा होत नाही. भरती किती किलोची, हे आधी ठरते आणि मगच भावाची गोष्ट निघते. त्याच घरात टॅब्लेट घ्यायचा ठरला, की मात्र खोक्यावर छापलेला एक आकडा वाचून निर्णय होतो. कोणी म्हणतो, लहान बरा, खिशाला आणि हाताला हलका. कोणी म्हणतो, घ्यायचाच तर मोठा घ्यावा. हे इंच नेमके कशाचे, आणि त्या पडद्यावर कोण काय वाचणार, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि गुळाची अडत असलेल्या एका घरात हा प्रश्न वेगळ्याच वाटेने पुढे आला. घरातील वडीलधारे, ज्यांना सारे घर अप्पा म्हणते, शहात्तर वर्षांचे. पेढीचा कारभार मुलाकडे सोपवल्याला दहा वर्षे झाली. पहाटे सामायिक, मंदिरदर्शन आणि त्यानंतर दोन घटिका स्वाध्याय, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. मंदिराच्या ग्रंथालयातून आणलेली तत्त्वार्थसूत्राची जुनी, अनेक खंडांची टीका ते वाचत होते. वाचन जिथे थांबे, तिथे एक मोरपीस खूण म्हणून ठेवलेले असे.

ते मोरपीस दशलक्षण पर्वापासून एकाच पानावर आहे, हे प्रथम नातीच्या ध्यानात आले. अप्पा रोज ग्रंथ उघडून बसत, वेळ झाली की वंदन करून मिटत. पण पान पुढे सरकत नव्हते. एकदा ग्रंथ जागेवर ठेवताना तिला मागे रुमालात गुंडाळलेले एक भिंग सापडले. ते घरात कधी आले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. भिंगातून एका वेळी तीन-चार शब्द दिसतात. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत आरंभ विसरावा, असे ते वाचन. अप्पांनी तक्रार केली नव्हती. कारण तक्रार केली असती तर वाचन बंद करा, डोळ्यांना ताण नको, असेच सर्वांनी सांगितले असते.

त्याच सुमारास मुलाने टॅब्लेटची गोष्ट काढली होती. सौद्याच्या वेळी ढिगांमधून फिरताना हाती धरायला आणि तिथेच नोंद करायला त्याला पावणेनऊ इंचांच्या जवळपासचे यंत्र हवे होते.

"अप्पा, एकच घेऊ. दिवसा सौद्यात माझ्याकडे राहील, संध्याकाळनंतर तुमच्या वाचनाला. एका वस्तूत दोघांचे काम भागेल."

"मला वेगळे काही नको रे. आहे त्यात भागते माझे."

मुलाचा विचार काटकसरीचा होता आणि वरवर पाहता परिग्रह कमी करणाराही. त्यातील उणीव शोधायची तर आधी त्या इंचांचा हिशेब मांडावा लागतो.

पडद्याचे माप म्हणून जो आकडा सांगितला जातो, ती लांबीही नव्हे आणि रुंदीही नव्हे. तो एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण असतो. आरंभीच्या दूरचित्रवाणी संचांच्या काचनळ्या गोल होत्या. त्यांचा व्यास सांगितला जाई. पुढे पडदे आयताकृती झाले, तरी एकाच आकड्याने माप सांगण्याची रीत टिकली. भारतात खोक्यावर तोच आकडा सेंटीमीटरमध्येही असतो. अकरा इंच म्हणजे २७.९४ सेंटीमीटर. परंतु कर्णावरून पडद्यावर मजकूर किती मावेल, हे समजत नाही.

सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब ए९ आणि ए९ प्लस या जोडीचे उदाहरण घेता येईल. एकाचा कर्ण ८.७ इंच, दुसऱ्याचा ११. फरक २.३ इंचांचा, म्हणजे सुमारे २६ टक्क्यांचा. पण लहान पडदा साधारण साडेचार इंच रुंद व साडेसात इंच उंच असतो, तर मोठा पावणेसहा इंचांहून किंचित अधिक रुंद आणि सव्वानऊ इंचांहून थोडा अधिक उंच. क्षेत्रफळ काढले तर एकाचे सुमारे ३३ चौरस इंच येते आणि दुसऱ्याचे ५४. कर्ण सव्वापट वाढला, जागा मात्र दीडपटीहून अधिक वाढली. खोक्यावरचा आकडा हा फरक जवळजवळ लपवून ठेवतो.

वजनाचीही बाजू आहे. या जोडीतील लहान यंत्र सुमारे ३३० ग्रॅमचे, मोठे ४८० ग्रॅमचे. तेरा इंची आयपॅड एअर सहाशे ग्रॅमच्या पुढे जातो. त्यावर आवरण घातले की आणखी भर पडते. अर्ध्या किलोचे पुडके उचलायला कोणाला जड जात नाही; पण तेच पुडके एका हाताने अर्धा तास डोळ्यांसमोर धरायचे झाले, तर तरुणाचेही मनगट भरून येते. म्हणून उभ्याने, चालत, एका हाताने काम करणाऱ्यासाठी लहान यंत्र योग्य, ही मुलाची निवड त्याच्या कामापुरती अगदी बरोबर होती.

आता वाचनाकडे वळावे. पडद्यावरचा मजकूर दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात अक्षरे मोठी केली की ओळी आपोआप नव्याने जुळतात. वृत्तपत्रांची ॲप आणि बरीचशी नवी ई-पुस्तके या प्रकारची. तिथे लहान पडदाही चालतो. अक्षर हवे तेवढे वाढवावे. ओळीत शब्द कमी येतील आणि पाने अधिक उलटावी लागतील, एवढेच. दुसरा प्रकार म्हणजे छापील पानाची प्रतिमा. जैन ई-लायब्ररीसारख्या संग्रहांत जुने ग्रंथ मोठ्या संख्येने उपलब्ध झाले आहेत, ते प्रामुख्याने या स्वरूपात. प्रतिमेत ओळ तुटत नाही. अक्षर दोन बोटांनी मोठे केले की ओळीची दोन्ही टोके पडद्याबाहेर जातात आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडे-उजवीकडे सरकवत राहावे लागते. भिंगाचीच अडचण नव्या रूपाने परत येते. अशा ग्रंथांसाठी पडद्याचा आकार हाच अक्षराचा आकार ठरवतो.

अप्पांचा ग्रंथ डेमी आकाराचा होता. पान साडेपाच बाय साडेआठ इंच. चहूबाजूंचा समास सोडला तर छापील मजकूर चार इंच रुंद आणि पावणेसात इंच उंच. सूत्रे ठळक टाइपात, टीका दहा पॉइंटच्या सुमाराची, तळटिपा सातच्या. प्रतिमा वाचण्याच्या अनेक ॲपमध्ये पानाचा कोरा समास कापून केवळ मजकूर पडदाभर दाखवण्याची सोय असते. ती वापरली तर ८.७ इंची पडद्यावर मजकूर मूळ आकाराच्या सुमारे १११ टक्के दिसतो. दहा पॉइंटचे अक्षर अकराचे होते. अकरा इंची पडद्यावर तोच मजकूर १३८ टक्क्यांपर्यंत वाढतो आणि अक्षर जवळजवळ चौदा पॉइंटचे होते. मोठ्या अक्षरांत म्हणून जी पुस्तके मुद्दाम छापतात, त्यांत अक्षर सोळा ते अठरा पॉइंटचे असते. त्याच्या बरेच जवळ हे येते.

मग तेरा इंची पडदा अधिकच सोयीचा, असे वाटेल. तसे होत नाही. त्या आयपॅडचा पडदा चारास तीन या प्रमाणात, म्हणजे अंगाने रुंद असतो आणि ग्रंथाचे पान उभट असते. उंची आधी संपते आणि दोन्ही बाजूंस जागा रिकामी राहते. अक्षर वाढते ते साडेपंधरा पॉइंटपर्यंत. अकरावरून तेरावर जाताना वाचणाऱ्याच्या पदरात दीड पॉइंट पडतो आणि मांडीवर सुमारे १४० ग्रॅमचा भार वाढतो. कागदपत्र मोठ्या आकाराचे असेल तर गणित बदलते. ए-फोर आकाराचे करारपत्र किंवा ताळेबंद उभा धरून पूर्ण पाहायचा, तर ८.७ इंची पडद्यावर तो मूळच्या ५४ टक्के, अकरा इंचीवर ७० टक्के आणि तेरा इंचीवर ८९ टक्के दिसतो. बारा पॉइंटचा आकडा सर्वांत लहान पडद्यावर साडेसहाचा होतो. दिवसभर हिशेबाचे कागद तपासणाऱ्याला तेरा इंचांचा खर्च सार्थ वाटू शकेल. लहान यंत्र आडवे धरले तर अक्षर वाढते हे खरे. पण तेव्हा एक पान तीन तुकड्यांत पाहावे लागते, आणि सूत्र एका तुकड्यात तर त्याची तळटीप तिसऱ्यात जाते.

देवनागरी वाचणाऱ्याला या दोन-तीन पॉइंटचे मोल अधिक आहे. आपली अक्षरे शिरोरेघेच्या वर आणि खाली दोन्हीकडे पसरतात. मात्रा, रफार, अनुस्वार, उकार, जोडाक्षरातील अर्धा वर्ण हे अक्षराचे सर्वांत बारीक भाग आणि अर्थ बहुतेकदा त्यांच्यावरच तोललेला असतो. एक बिंदू दिसला नाही तर 'मंद'चा 'मद' होतो. मंद कषाय आणि मद यांत किती अंतर आहे, हे स्वाध्याय करणाऱ्याला सांगायला नको.

हा सगळा हिशेब नातीने कागदावर मांडला. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात असल्याने टक्केवारीचे तिला भय नव्हते. परंतु आकड्यांनी घरात कोणाचे समाधान होईना. तेव्हा तिने यार्डाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात ग्रंथ नेला आणि मजकुराचे एकच पान १११, १३८ आणि १५४ टक्क्यांवर छापून आणले. तीन पडद्यांवर अक्षर जेवढे दिसणार, तेवढेच त्या तीन कागदांवर होते. टॅब्लेट विकत घेण्याआधी त्याचा नमुना हातात घेऊन पाहण्याचा हा मार्ग काही रुपयांत होतो.

मुलाने १११ टक्क्यांचा कागद अप्पांपुढे धरला. अप्पांनी चष्मा नीट केला आणि सूत्र, त्याखालचा अर्थ, सारे खणखणीत वाचून दाखवले.

"पाहिलेस? अप्पांना काही अडचण नाही. लहानच घेऊ," मुलगा म्हणाला.

नात काही बोलली नाही. तिने पान पाहिले, तर ते पहिल्या अध्यायाचे होते. दशलक्षणात रोज एकेक अध्याय म्हणणाऱ्या माणसाला दहाही अध्याय मुखोद्गत असतात. आणि या खंडाचा अर्थही अप्पांनी आयुष्यात अनेकदा वाचलेला. दुसऱ्या दिवशी तिने मोरपीस जिथे थांबले होते, त्याच्या पुढचे पान तसेच तीन आकारांत आणले. ते अप्पांनी कधी वाचलेले नव्हते.

पहिला कागद हाती घेऊन अप्पा पहिल्या ओळीत अडखळले. दुसरी ओळ त्यांनी सुरू केली आणि सोडून दिली. कागद दूर धरून पाहिला, जवळ आणून पाहिला.

"आजोबा, हा घ्या."

१३८ टक्क्यांचा कागद त्यांनी हळूहळू, पण न थांबता शेवटपर्यंत वाचला. तळटीपही वाचली. तिसरा, १५४ टक्क्यांचा, त्यांनी पाहिला आणि बाजूला ठेवला. दोन्हींत त्यांना फारसा भेद वाटला नाही. मग थोडा वेळ कोणीच बोलले नाही. चष्मा काढून पुसत अप्पा एवढेच म्हणाले, "पाठ असलेले वाचता येते, बाळ. नवे वाचता येत नव्हते."

मुलगा कागदांकडे पाहत राहिला. रोज सकाळी ग्रंथ उघडून बसलेले वडील त्याने पाहिले होते आणि ते वाचत आहेत असे धरून चालले होते.

वडीलधाऱ्यांसाठी वस्तू घेताना घरोघरी होणारी चूक इथेच आहे. त्यांना विचारले तर 'चालेल' हेच उत्तर मिळते. घराला खर्चात पाडू नये, ही त्यांची आयुष्यभराची सवय असते. म्हणून विचारण्यापेक्षा नमुना दाखवावा, आणि तो त्यांना पाठ नसलेल्या मजकुराचा असावा. मोठा पडदा नेत्रतपासणीची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना वाचनासाठी चष्मा लागतोच आणि त्याचा नंबर वेळोवेळी पाहावा लागतो. सरळ ओळ वाकडी दिसू लागली किंवा ओळीच्या मध्यभागी धूसर डाग जाणवला, तर यंत्र शोधत बसू नये, विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे जावे. वाचनाचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर अंतरासाठी असतो. यंत्र स्टँडवर लावून ५० सेंटीमीटरवर ठेवले तर अक्षर पाचव्या हिश्श्याने लहान भासते आणि चष्म्याचा मेळही बसत नाही. मोठ्या पडद्याचा लाभ अंतरात गमावू नये.

अकरा इंची घेण्याचे नक्की झाल्यावर प्रश्न उरला बिलाचा.

"पेढीच्या नावाने घेऊ, अप्पा. अठरा टक्के जीएसटी वळता होईल."

"पेढीत आता माझे काय काम? माझा स्वाध्याय हा पेढीचा खर्च कसा होईल?"

कायदाही अप्पांच्या बाजूने आहे. इनपुट टॅक्स क्रेडिट मिळते ते व्यवसायासाठी वापरलेल्या वस्तूवर. यंत्र सौद्याच्या नोंदींसाठी असेल तर पेढीच्या जीएसटी क्रमांकासह बिल घ्यावे आणि करवजावट हक्काने घ्यावी. ते घरातील वाचनासाठी असेल तर तो हक्क नाही. वापर दोन्हीकडे असेल तर व्यवसायाच्या हिश्श्यापुरताच आहे. रक्कम लहान आहे म्हणून ती कोणी विचारणार नाही, हे बरेचदा खरे असते. पण अचौर्याचे अणुव्रत घेतलेल्याने स्वतःला विचारायचे असते. वस्तू कोणासाठी, या एकाच प्रश्नाने पडद्याचा आकारही ठरला आणि खतावणीतील खातेही. बिल घरखर्चात पडले. मुलाने सौद्याच्या नोंदी तूर्त मोबाइलवरच ठेवायचे ठरवले. पुढच्या हंगामात गरज वाटली तर लहान यंत्र पेढी घेईल आणि तेव्हा त्याची करवजावट पेढीची असेल.

एका यंत्रात दोघांचे काम भागवण्याचा पहिला विचार परिग्रह कमी करणारा वाटला होता. परंतु जी वस्तू ज्याच्यासाठी घेतली त्याच्याच उपयोगी पडत नाही, ती संख्येने एक असली तरी तेवढीच व्यर्थ. उमास्वातींनी परिग्रहाचे मूळ वस्तूत न सांगता तिच्यावरच्या आसक्तीत सांगितले. गरजेहून मोठा पडदा दिखाव्यासाठी घेणे ही जशी आसक्ती, तसे पैशाला चिकटून गरजेहून लहान घेणे हीही तिचीच दुसरी बाजू.

अप्पांची परिग्रहपरिमाणाची एक वही आहे. वस्त्रे, भांडी, पादत्राणे अशी एकेक नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली. वाचनसाधने या सदराखाली दोन चष्मे, एक टेबलदिवा आणि एक भिंग, असे लिहिलेले होते. भिंगाचे रहस्य त्यांनी घरापासून लपवले, वहीपासून नाही. टॅब्लेट आला त्या दिवशी त्यांनी भिंगाच्या नोंदीवर रेघ मारली आणि समोर नवी नोंद केली. भिंग त्यांनी मंदिराच्या ग्रंथालयाला दिले. ग्रंथाची लाकडी ठवणी मात्र त्यांनी यंत्राला दिली नाही. ठवणी ग्रंथाची, यंत्राला साधा स्टँड पुरे, असे त्यांचे म्हणणे. सामायिकाच्या दोन घटिकांत यंत्राला हात नाही, ते उठल्यानंतरच, हा नियमही त्यांनी आपणच घातला.

यंत्रात मोरपीस ठेवता येत नाही. वाचन जिथे थांबले ते पान ॲप आपण लक्षात ठेवते आणि उघडल्याबरोबर तेच पान समोर येते. ते मोरपीस आता नातीच्या वहीत आहे. रात्री स्टँडवरचे यंत्र चार्जिंगला लावण्याच्या निमित्ताने ती पानाचा क्रमांक पाहून घेते. पहिल्या दिवशी तो ११२ होता. दुसऱ्या रात्री ११९. आठवड्याच्या शेवटी अप्पांनी मंदिरातून येताना विचारले, पुढचा खंडही यात मिळतो का.